आयशाबीचा न दुखणारा पाय

बांगडीचं माप डोळ्यांनी कळत नाही, हात धरल्यावर कळतं, असं घाटंजीची आयशाबी म्हणायची. समोरच्या बाईचा पंजा ती आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून आत ढकलायची आणि गप्पा मारता मारता बांगडी मनगटावर पोचवायची. पंचवीस वर्षं हेच काम. नवरा वाहिद दम्याचा, तो बाजारात ओट्यावर दुकान मांडून बसे. गावोगाव हिंडायचं ते आयशाबीनं. डोक्यावर टोपली, पायांत झिजलेली वहाण, तीही चिखलात आणि अंगणात काढून हातात. दहा-बारा गावांतल्या लेकीसुनांचे हात तिला पाठ होते. एखादी बाळंत झाली की तिच्या सुजलेल्या हाताला कोणतं माप लागेल हेही तिला ठाऊक असे.

सन एकोणसाठच्या माघात टेंभीखेड्याच्या पुंडलिकरावांच्या घरी लग्न निघालं. चुडा भरायला आयशाबीलाच बोलावणं होतं, कारण घरची सून कोकिळाबाई हिच्या लग्नातला चुडाही तिनंच भरला होता. आता कोकिळाची लेक नवरी. अंगण शेणानं सारवून लखलखीत केलेलं. बाया गोल करून बसलेल्या. आयशाबीनं नवरीचा डावा हात भरला, हिरव्यागार अकरा बांगड्या, एकही वाढली नाही. मग पाणी प्यायला उठली, माठापर्यंत गेली आणि परत येऊन बसली.

तेवढ्यात एक बाई ओरडली, "अवं, हे रगत कोनाचं?"

सारवलेल्या अंगणात माठापासून बैठकीपर्यंत लाल ठसे उमटले होते. बाया आपापले तळवे पाहू लागल्या. आयशाबीही वाकून शेजारणीचा पाय पाहू लागली. "पाहा वं माय, कोनाले तरी काच लागली असंन. माह्याच टोपलीतली असंन," ती कळवळून म्हणाली.

"आयशाबी, तुह्याच पायाचं हाय," कोकिळा म्हणाली.

आयशाबीनं पाय उलटा केला. अंगठ्याच्या मुळाशी हिरव्या काचेचा नखाएवढा तुकडा रुतून बसला होता. भोवतीचं मांस पांढरं पडलं होतं. म्हणजे काच आजची नव्हती. बरेच दिवस ती ही काच घेऊन हिंडत होती.

"दुखत नाई?" कोकिळाच्या सासूनं, मानीबाईनं विचारलं.

"नाई जी," आयशाबी म्हणाली. आणि खरंच नव्हतं दुखत. तिनं चिमटीनं काच उपटली, तीही दुसऱ्याच्या पायातून उपटावी तशी.

मानीबाई मागे सरकली. "दुखत नाई? काच रुतली आन् दुखत नाई?" तिनं नातीचा उजवा हात धरून आपल्याकडे ओढला. "राहू दे आता. बाकीचा चुडा दुसऱ्या कोनाकून भरू."

कोणी तो शब्द उच्चारला नाही. उच्चारायची गरजही नव्हती. ज्या अंगाला टोचलेलं कळत नाही ते अंग रगतपितीचं, म्हणजे महारोगाचं, हे अंगणातल्या लहान पोरीलाही ठाऊक होतं. नवरीचा डावा हात भरलेला आणि उजवा रिकामा ठेवून आयशाबी टोपली डोक्यावर घेऊन निघाली. वाटेत दोनदा थांबून तिनं पाय जमिनीवर आपटून पाहिला. आवाज आला, बाकी काही नाही.

घरी वाहिद म्हणाला, "पडून राह्य चार दिवस."

"दुखून नाई राह्यलं तं पडून कायले राहू? लोक दुखते म्हनून पडतात."

आयशाबीनं हळद आणि तेल भरलं, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी गेली. शेजारणीनं चुना लावायला सांगितला, तो लावला. कोणी तंबाखूची राख सांगितली, तीही भरली. जखम वरून खपली धरायची आणि आतून ओलीच राहायची. आठवड्यानं वाहिद नाकाला फडकं लावून म्हणाला, "घरात कुठं उंदीर मेला काय?" दोघांनी मिळून पेट्या सरकवल्या, फळी हलवली. उंदीर सापडला नाही. वास कशाचा हे शेवटी वाहिदच्याच ध्यानात आलं. तो तिच्या पायाकडे पाहत राहिला.

बाजाराच्या दिवशी रोजच्या गिऱ्हाइकिणी समोरून जाऊन पुढच्या दुकानावर थांबल्या. एकीनं तर पदर तोंडाशी धरला. टेंभीखेड्याची बातमी तिच्याआधी घाटंजीत पोचली होती.

त्या दुपारी आयशाबीनं दार लावून घेतलं आणि गोधडीची सुई काढली. घोट्याच्या वर टोचलं, "हाय अल्ला" म्हणून ओरडली. घोट्यावर टोचलं, थोडं कळलं. पावलावर टोचलं, कोणीतरी लांबून हाक मारल्यासारखं वाटलं. बोटांवर टोचलं, काहीच नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. आपला पाय कुठून आपला आहे आणि कुठून नाही, हे तिला समजेना. हात तेवढे शाबूत होते. सुई हाताला लावली तर झटका बसत होता. रगतपिती असती तर हातही गेला असता, असं एकदा वाटे. आधी पाय जातात, मग हात, असंही वाटे. रडावं की नाही हेसुद्धा तिचं ठरेना. कारण नक्की कशासाठी रडायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच पायाची करंगळी काळी पडायला लागली तेव्हा ती सरकारी दवाखान्यात गेली. मनाशी ठरवूनच गेली, की आता डॉक्टर तो शब्द उच्चारणार.

डॉक्टर नागपूरकडचे, नवे आलेले. त्यांनी तिच्या कानाच्या पाळ्या चाचपल्या, कोपराच्या आतली शीर बोटानं दाबून पाहिली, पाठीवर चट्टा आहे का हे नर्सबाईंकडून पाहून घेतलं. डोळे मिटायला लावून कापसाचा धागा पायावर फिरवला आणि विचारलं, "आता कुठे लावला?"

"लावला काय?" आयशाबी म्हणाली.

मग त्यांनी तिच्या हाती एक बाटली दिली. लघवी आणून दे म्हणाले. आयशाबीला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय दाखवायला आली होती, तर हे भलतंच!

दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधायचं काम सेवादास करायचा. बंजारा तांड्यावरचा माणूस, तिशीतला, हातानं चपळ आणि तोंडानं त्याहून. त्यानं एका नळीत निळं पाणी घेतलं, त्यात तिच्या बाटलीतले थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. आयशाबी रंगांतच जन्म काढलेली बाई. ती टक लावून पाहू लागली. मोरपंखी निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी, आणि शेवटी विटकरी. विटकरी बांगडी कधीच कोणी घेत नाही.

"रगतपिती नाही तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. "साखर आहे."

"साखर?"

"लघवीत. रक्तात. मधुमेह म्हणतात. त्यानंच पायाची जाणीव गेली आहे आणि जखम भरत नाही."

"साहेब, मी साखर खात नाई. चहा बी गुळाचाच पितो. साखर ईदेले शिरखुर्म्यात जाते तेवढी. वरसाची एक ईद, तिची एवढी साखर?"

सेवादास हसला. "चाची, आंगनात मोरीपाशी, लघवीच्या जागी, मुंग्या येतात काय?"

वर्षभरापासून मोरीपाशी मुंग्यांची रांग लागत होती. वाहिद तिथं गुळाच्या चहाचा पेला विसळतो म्हणून आयशाबी त्याच्याशी कितीदा भांडली होती. वाहिद कुराणाची शपथ घेऊन सांगायचा, की मी तिथं काही सांडलं नाही.

ती घरी आली आणि आधी वाहिदला म्हणाली, "मुंग्या तुह्या नोयत्या. माह्या होत्या." वाहिदला काहीच कळलं नाही. तिला तरी कुठं कळलं होतं!

पुढे यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात अठरा दिवस. काळी पडलेली करंगळी काढून टाकावी लागली. कापताना फारसं दुखलं नाही. कापल्यावर मात्र त्या नसलेल्या बोटाला खाज सुटली. आहेत ती बोटं बधिर, आणि जे गेलं तेच जागं झालेलं. तिनं हे नर्सबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होतं. मग तिनं विचारायचं सोडून दिलं.

घाटंजीला परतली तेव्हा रमजानचे काही रोजे होऊन गेले होते. पथ्याची यादी सेवादासनं तोंडी सांगितली. गूळ नाही, साखर नाही, केळ नाही, भात थोडा. भाकर चालते, मेथी-करडईची भाजी चालते. रोज सकाळी दवाखान्यात येऊन औषधाची सुई टोचून घ्यायची. पट्टी तो बदलील. पाय जमिनीला टेकवायचा नाही, कुबडी घ्यायची. दुसरा पाय रोज धुवायचा, बोटांच्या बेचक्यांतून कोरडा करायचा आणि तळवा पाहायचा.

"आपला तळवा आपन कसा पाहाव?" आयशाबीनं विचारलं.

"तुह्या टोपलीत बायाइले दाखवाचा आरसा हाय ना? तो जमिनीवर ठेव, वरून पाय धर. आता दुखन्याचं काम डोये करतीन. पाय तं सांगत नाई."

आयशाबीनं मान डोलावली. सगळं ऐकलं. फक्त एक गोष्ट त्याला सांगितली नाही. तिचे रोजे चालू होते. जन्मात रोजा चुकवला नव्हता, आणि अशा संकटात तर अल्लाला नाराज करायची तिची हिंमत नव्हती. शिवाय तिचा हिशोब सरळ होता. खाल्ल्यानं साखर वाढते ना? मग न खाल्लेलं चांगलंच.

सुई घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या ओसरीवर बसली होती. अंगाला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. समोरचा कडुलिंब दोन दिसायला लागला. सेवादासनं हाक मारली तर ती त्यालाच म्हणाली, "नवरीचा उजवा हात आना," आणि बाजूला कलंडली.

सेवादास धावला. चहावाल्याकडून मूठभर साखर पाण्यात कालवून आणली आणि मान वर धरून तिच्या तोंडात ओतली. नेमका त्याच वेळी वाहिद धापा टाकत फाटकातून आला. त्यानं पाहिलं ते एवढंच, की ज्या माणसानं आजवर आपल्या बायकोला साखरेच्या नावानं धाक घातला, तोच तिला साखर पाजतोय.

"अरे मारून राह्यला काय तिले!" वाहिद दम लागेपर्यंत ओरडला आणि पेला हिसकायला धावला. दोघांत झोंबाझोंबी झाली. अर्धी साखर सेवादासच्या सदऱ्यावर सांडली. तेवढ्यात आयशाबीनं डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "तुमी दोघं काहून भांडून राह्यले?"

डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. सुई साखर खाली ओढते. पोटात काही नसेल तर इतकी खाली ओढते की माणूस जातो. म्हणून सुईनंतर अर्ध्या तासात खायचंच.

"म्हनजे साखर वाढली तरी मरन, आन् उतरली तरी मरन," आयशाबी म्हणाली. "मंग ही साखर आपली हाय का वैरी हाय?"

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

मशिदीतल्या बुजुर्गांनी सांगितलं, की आजाऱ्याला रोजा माफ आहे, बदल्यात गरिबाला जेवू घाल. आयशाबीनं ते मानलं. पण लोक उपाशी असताना आपण भाकरीचा तुकडा मोडायचा, याची लाज तिला ईदपर्यंत वाटत राहिली.

जखम हळूहळू तांबूस झाली, कडा आत यायला लागल्या. सेवादास खूश होता. पण गिऱ्हाइकं येत नव्हती ती नव्हतीच. मग तिनं डॉक्टरांकडून कागद लिहून घेतला. सहीशिक्क्याचा, मराठीतला. 'या बाईस महारोग नाही.' तो पदराला बांधून, शेजाऱ्याच्या बैलगाडीतून ती थेट टेंभीखेड्याला गेली.

कोकिळा चौथी शिकलेली होती. तिनं अंगणात उभं राहून कागद मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर खाली मान घालून म्हणाली, "मले तं पटलंच नोयतं, आयशाबी."

पण मानीबाईचं डोकं वेगळं चाललं. "काही असल्याबिगर कोनी कागद करते काय? माह्यापाशी हाय काय असा कागद? मले कधी लागला नाई." जमलेल्या बायांना ते पटलं. त्यांतल्या दोघी परगावच्या होत्या, त्यांना आधी काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आता कागद ऐकला आणि त्याही चार पावलं मागे सरकल्या.

निघताना कोकिळा गाडीपाशी आली. "उजव्या हाताचा चुडा कळंबच्या बाईकून भरला. पन दोन हातचे हिरवे वेगवेगळे झाले. पोरगी लय रडली," असं म्हणाली आणि घाईनं आत गेली. ही माफी होती की तक्रार, याचा आयशाबी वाटभर विचार करत राहिली. कागद तिनं घरी आल्यावर चुलीत टाकला.

मग वैशाखातल्या एका बाजाराच्या दिवशी दवाखाना बंद होता. सेवादास बायको जमनीला घेऊन बाजार करायला आला होता. पट्टी बदलायचा दिवस चुकू नये म्हणून तो सरळ दुकानावरच आला. ओट्यावर मांडी घालून बसला, आयशाबीचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्यानं उघड्या हातांनी जखम धुतली, वाकून नाक जवळ नेऊन वास घेतला आणि बाजारभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात खेकसला, "चाची, तू चाललीस! खोटी बोलू नको. हे कातडं नवं सोललं हाय. कुबडी कोठी हाय?"

"मोरीपर्यंतच गेलती रे."

"मोरीपर्यंतच जाय आन् बाकीची चार बोटं बी देऊन ये!"

माणसं थबकली. एका बाईनं विचारलं, "सेवाभौ, तुले भेव नाई लागत?"

"कायचं भेव? हिचा पाय धरून मले साखर लागंन काय? लागली असती तं कवाच लागली असती." तो हसला, हात साबणानं धुतले आणि जमनीनं दिलेली भाकर तिथंच बसून खाल्ली.

त्यानंतर महिना-दीड महिन्यात बायका परतू लागल्या. आधी दोघी, मग पाच, मग पूर्वीसारखी गर्दी. काही मात्र कधीच आल्या नाहीत. त्या का आल्या आणि या का नाही, हे आयशाबीला कधी उलगडलं नाही. तिला वाटे, फिरोजाबादचा नवा माल आला त्यामुळं. वाहिद म्हणे, दुव्यामुळं. सेवादासला विचारलं तर तो म्हणाला, "लोक इसरले असतीन." हिंडणं तिचं कायमचं सुटलं. टायरच्या तळाची, आत घोंगडीचा तुकडा शिवलेली वहाण मोच्याकडून करून घेतली होती, ती घालून ती ओट्यावर बसे.

चौसष्ट सालची गोष्ट. कापसाच्या जिनिंगमधला गफ्फार मिस्त्री तिच्याकडे आला. तळव्याला अंगठ्यापाशी भोक पडलेलं, चिंध्या गुंडाळलेल्या. "आपा, तुमाले असंच झालतं म्हने. कोनतं औषध लावलं?"

आता असे लोक तिच्याकडे येत. तिला औषध माहीत नसे, कारण समजत नसे. एकच प्रश्न ती विचारी. "दुखते काय?"

"नाई. जरा बी नाई."

"मंग आजच दवाखान्यात जाय. दुखत असतं तं म्हनलं असतं उद्या जाय." तिनं त्याला समोर बसवून स्वतःच्या पेल्यात चहा पाजला, साखरेचं लफडं समजावलं, मुंग्यांचं विचारलं. मुंग्या येत नाहीत म्हणाला. आरशात तळवा कसा पाहायचा ते दाखवून तिनं त्याला पाठवलं.

संध्याकाळी सेवादास आला. "गफ्फारले साखर नाई, चाची. त्याले रगतपितीच हाय. औषधाच्या गोया सुरू केल्या. लवकर आला, बरा होईन."

समोर तो चहाचा पेला तसाच पडला होता. पाच वर्षं आयशाबीनं ज्या शब्दापासून पळ काढला तो तिच्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेला होता. आणि त्याचा पाय तर अगदी तिच्याच पायासारखा होता. तीच न दुखणारी जखम, त्याच जागी.

"मंग माह्यात आन् त्याच्यात फरक काय?"

"रोग वेगळा. तुले सुई, त्याले गोया."

"आन् पाय?"

सेवादासनं डोकं खाजवलं. "पायाचं सारखंच. त्याले बी कळत नाई, तुले बी कळत नाई. धुवाचा, पाहाचा, जपाचा. मी दोघाइची पट्टी सारखीच बांधतो."

तो गेल्यावर ती पेल्याकडे किती तरी वेळ पाहत बसली. उचलला, खाली ठेवला. फेकून द्यायला दोनदा उठली. तिला मानीबाई आठवली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा राग आला नाही, नुसतं चमत्कारिक वाटलं. शेवटी तिनं पेला राखेनं घासला, इतर पेल्यांसारखाच, आणि फळीवर पालथा घातला. आपण बरोबर केलं की चूक, हे तिनं वाहिदला विचारलं. वाहिद म्हणाला, "मले काय माहीत?"

पुढच्या बाजाराला गफ्फार लांब उभा राहिला, रस्त्याच्या पलीकडे. त्याला आता त्याचा रोग सांगितलेला होता. आयशाबीनं गिऱ्हाइकिणीच्या हातातली बांगडी पुरी भरली आणि मान वर करून हाक मारली, "मिस्त्री, तिथं काहून उभा हायस उन्हात? इकडे ये. तळवा पाह्यला काय आज?"

"पाह्यला, आपा."

"आन् बेचक्या कोरड्या केल्या?"

त्या त्यानं केल्या नव्हत्या. तो सडकेच्या पलीकडून गुन्हेगारासारखा हसला. गिऱ्हाईक बाई एकदा त्याच्याकडे आणि एकदा आयशाबीकडे पाहत होती. आयशाबीनं तिचा दुसरा हात मागितला. बाईनं जरा वेळ लावला, पण दिला.